मध्यंतरानंतर ढिला

दशक नेमकं कधी सुरू होतं, या प्रश्नावर आमच्या कट्ट्याचे तीन रविवार गेले.

विषय तसा किरकोळ होता. गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता? पण किरकोळ विषय तडकाफडकी निकालात काढायचा नाही, ही आमच्या अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीची रीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ही वसाहत. इथे माणसाला आडनावाने कमी आणि खात्याने जास्त ओळखतात. कस्टमवाले, पोस्टवाले, टाकसाळवाले, एजी ऑफिसवाले. मिठागरांच्या खात्यातल्या एका गृहस्थांना तर सगळे नुसतं 'मीठ' म्हणायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात आहेर पुकारणाऱ्याने, कुणाच्या तरी तोंडचं ऐकून, 'श्रीयुत मीठ यांजकडून' असं माइकवर म्हटलं आणि विहीणबाईंनी हे आडनाव पत्रिकेत का नव्हतं अशी चौकशी केली.

कट्टा म्हणजे मैदानाच्या कडेचा कठडा. नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं, कट्टा सोडावा लागत नाही. त्यामुळे कुणी पनवेलहून, कुणी डोंबिवलीहून, कुणी बदलापूरहून रविवारी संध्याकाळी इथे परत येतो. बायका विचारतात, जिथून सामान हलवलं तिथे पुन्हा कशाला जाता? त्याला उत्तर नाही. सामान हलवलं हे खरं, पण वाद तिथेच राहिलेत.

तर दशक. एजी ऑफिसवाल्यांनी पहिल्याच रविवारी स्पष्ट केलं, "वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०२५. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं विचारात घेतलं जाणार नाही." ते निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातला कर्मणी प्रयोग अजून सेवेत आहे.

टाकसाळवाले उसळले. कारण त्यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ चा. "अहो, शेवटी तो जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या अंगावर येतो. तो दगड अजून हवेत आहे! आणि तुम्ही मला तारखा सांगता?"

"दगड २०१४ चा आहे," एजी ऑफिसवाले शांतपणे म्हणाले. "हवेत असला तरी नोंद मारल्याच्या तारखेलाच होते."

'एलिझाबेथ एकादशी'सुद्धा असाच दारातून परत गेला, त्याची तारीख नोव्हेंबर २०१४ ची. उलट 'कोर्ट' १७ एप्रिल २०१५ ला लागलेला, म्हणजे सोळा दिवसांच्या फरकाने आत आला. दुसऱ्या टोकाला 'स्थळ' मार्च २०२५ मध्ये, ऐन मार्च एंडिंगच्या गर्दीत घुसला. टाकसाळवाल्यांनी विलंब माफीचा अर्ज करण्याची भाषा केली. अर्ज तोंडी असल्यामुळे फेटाळला गेला.

दुसरा नियम सर्वानुमते झाला. 'सैराट' वगळायचा. लालबागचा राजा सोडून यंदा कोणता गणपती चांगला, असं विचारतात ना, तसं. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला आणि मराठी सिनेमा शंभर कोटींचा गल्ला जमवू शकतो हे पहिल्यांदा दिसलं. अजय-अतुल त्याचं संगीत ध्वनिमुद्रित करायला पार लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या व्हायोलिनवर इथली पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचली. आम्ही दादरला पाहिला. पूर्वार्धात माझ्या पुढची सबंध रांग उभी होती, मी आर्चीपेक्षा एका अनोळखी इसमाचा पाठीवरचा घाम जास्त पाहिला. आणि शेवटी, पडद्यावरचा आवाज बंद होऊन ते लहानगं पोर पावलं उमटवत बाहेर येतं, तेव्हा तोच इसम खुर्चीत इतका खाली सरकला होता की मला सगळं स्वच्छ दिसलं. तेव्हा वाटलं, दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

असा सिनेमा शर्यतीत ठेवला तर वाद काय राहणार? म्हणून वगळला. बक्षीस ठरण्याआधी पहिला नंबर बाजूला काढून ठेवायची आमची पद्धत आहे, त्याने बाकीच्यांत खेळीमेळी राहते.

चौथ्या रविवारी प्रत्यक्ष चर्चेला तोंड फुटलं. पोस्टवाल्यांनी 'कोर्ट'चं नाव पुकारलं. चैतन्य ताम्हाणेचा पहिलाच चित्रपट, व्हेनिसला पुरस्कार, मग सुवर्णकमळ. गटारात उतरलेला कामगार मरतो आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त करणारं गाणं म्हटलं म्हणून एका लोकशाहिरावर खटला उभा राहतो. "त्यातलं कोर्ट खरं आहे," पोस्टवाले म्हणाले. "तारीख पडते. कागद वाचतात. कुणी ओरडत नाही, कुणी टेबलावर मूठ आपटत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात. आपल्या ऑफिससारखंच."

"पण तुम्ही तर झोपला होतात," कठड्याच्या पलीकडून आवाज आला. त्यांच्या सौ. भाजी घेऊन चालल्या होत्या.

पोस्टवाले जराही डगमगले नाहीत. "शेवटच्या प्रसंगात न्यायाधीशसुद्धा बाकावर झोपलेले दाखवलेत. मुलं येऊन किंचाळतात आणि ते दचकून उठतात. मीही त्याच किंकाळीने उठलो. न्यायाधीश आणि मी एकदमच जागे झालो. चित्रपटाशी एवढं एकरूप होणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय?"

यावर खरोखरच कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग रेल्वेवाले अण्णा. हे सायन कोळीवाड्याकडचे, तमिळ. मराठी इतकं चांगलं बोलतात की आमच्या चुका सुधारतात. रजनीकांतचा सिनेमा असला की पहाटे किंग्ज सर्कलच्या अरोराला जाणार, कटआउटवर दूध ओतलं जाताना पाहणार आणि तिथूनच ड्यूटीवर. आम्हाला वाटलं, ते 'काला' म्हणतील. धारावीची गोष्ट, नाना पाटेकर समोर, आमच्यापासून दोन पावलांवरची. पण अण्णा म्हणाले, "'९६'. शाळेतले दोघं बावीस वर्षांनी भेटतात, एक रात्र गावभर फिरतात, बोलतात, सकाळी ती विमानाने परत जाते. काही होत नाही. काही न होऊ द्यायला फार हिंमत लागते हो." एवढं बोलून ते मैदानाकडे बघत राहिले. एजी ऑफिसवाल्यांनी वहीत 'रेल्वे – ९६' अशी नोंद केली. पुढच्या रविवारी टाकसाळवाल्यांनी ती वही चाळली आणि रेल्वेला एवढे मार्क कुणी दिले म्हणून अर्धा तास भांडले.

एजी ऑफिसवाल्यांचा मुलगा मध्येच येऊन 'तुंबाड' म्हणून गेला. त्यावर तो मराठी की हिंदी, असा उपप्रश्न निघाला. भाषा हिंदी, पण पाऊस कोकणातला, वाडा कोकणातला आणि हाव अखिल भारतीय, असा तोडगा निघाला. हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त पैसे मिळवून गेला. एजी ऑफिसवाल्यांनी हे सुधारित अंदाजपत्रक म्हणून ताबडतोब मान्य केलं, आणि मुलाच्या कोणत्याही मताला त्यांनी मान्यता दिल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मराठी माणसांनी गेल्या दहा वर्षांतल्या सिनेमावर बोलायचं ठरवलं, की ती वीस मिनिटांत पन्नास वर्षांपूर्वीच्या नाटकावर येऊन पोचतात. आम्ही सतरा मिनिटांत पोचलो. 'कट्यार काळजात घुसली' असं कुणीतरी म्हणायचा अवकाश, मिठवाल्यांनी डोळे मिटले. "वसंतराव ऐकलेत का?" सुबोध भावेने चित्रपट काढला २०१५ च्या दिवाळीत. दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं. त्यानंतर 'नटसम्राट'चं नाव निघालं. हा १ जानेवारी २०१६ चा. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर बसतात त्या प्रसंगांसाठी मी स्वतः दोनदा गेलो होतो. मिठवाल्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "लागू पाहिलेत का?" १९७० साली लागूंनी बेलवलकर उभा केला, तेव्हा मीठवाले कॉलेजात होते. खिशात पैसे नसताना त्यांनी ते तिकीट कसं काढलं, ही कथा आम्ही चौदा वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी तिकिटाचा दर उतरत जातो.

श्रेष्ठ चित्रपट म्हणजे 'श्यामची आई', असंही त्यांनी बजावलं. अत्र्यांची, १९५३ ची, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारी. २०२३ मध्ये सुजय डहाकेने तीच आई पुन्हा काळ्यापांढऱ्या रंगात आणली, हे सांगितल्यावर म्हणाले, "आई पुन्हा आणता येत नाही." हे वाक्य मी बराच वेळ विचारात घेतलं. आमच्याकडे मोनोरेलचं अँटॉप हिल स्टेशन आहे आणि त्याला लागून पुढचं स्टेशन आचार्य अत्रे नगर. मराठी सिनेमाच्या गप्पा अँटॉप हिलहून निघाल्या, की पुढच्याच थांब्यावर अत्रे चढतात. रूळच तसे टाकलेत, त्याला मीठवाले तरी काय करणार?

सुवर्णकमळाचाही घोळ झाला. 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. आठही जणांनी अतिशय आदराने माना डोलावल्या. मग कळलं, की आठांपैकी सहा जणांचा तो 'पाहायचा आहे'. पाहिलेले सिनेमे, न पाहिलेले सिनेमे आणि पाहायचे असलेले सिनेमे, अशी सुशिक्षित घरात तीन कपाटं असतात. तिसऱ्या कपाटातल्या सिनेमांवर सगळ्यात ठाम मतं असतात, कारण ती पाहून बिघडलेली नसतात.

माझी पाळी आली तेव्हा मी 'नाळ' म्हटलं. नदीकाठचं गाव, चैत्या नावाचं आठ-नऊ वर्षांचं पोर, आणि आपली आई आपली सख्खी आई नाही हे त्याला एक दिवस कळतं. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, "छायांकन. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी मुळातले छायालेखक. 'सैराट'चा कॅमेरा त्यांचाच. प्रत्येक चौकट बघा तुम्ही! नदीवरचं ते ऊन..."

"ऊन?" माझी बायको म्हणाली. ती आणि सेक्टरमधल्या आणखी तिघीजणी एव्हाना कठड्यापाशी येऊन उभ्या होत्या. "शेवटच्या अर्ध्या तासात यांनी चष्मा काढून हातात धरला होता. कुठलं ऊन दिसणार? माझा रुमाल घेतला तो अजून दिलेला नाही."

बायकांचं काम सरळ असतं. त्यांनी सांगितलं, आमचा सिनेमा 'बाईपण भारी देवा'. २०२३ च्या जून-जुलैत ह्या चौघींसकट अकराजणी नऊवारी नेसून, नथी घालून भर पावसात दादरला गेल्या होत्या. थिएटरच्या आवारात फुगडी घातली. सहा बहिणींची आणि मंगळागौरीची गोष्ट. महाराष्ट्रभर बायका तशाच गटागटाने गेल्या आणि सिनेमा तुफान चालला. पोस्टवाल्यांनी पटकथेच्या बांधणीविषयी काही शंका काढली. त्यावर कस्टमवाल्या वहिनी म्हणाल्या, "बांधणी-बिंधणी आम्हाला माहीत नाही. आम्ही हसलो तिथे हसलो, रडलो तिथे रडलो. घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. तुम्ही कुठे रडलात ते एकदा सांगून टाका ना, म्हणजे वाद मिटेल."

त्या गेल्या. कट्ट्यावर इतकी शांतता पसरली, की कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रिजची घरघर ऐकू आली.

त्या रात्री मला झोप लागेना, म्हणून मी आमच्या दोन-तीन महिन्यांच्या वादातल्या शब्दांचा मनातल्या मनात एक कोश केला. 'वेगळा प्रयोग आहे' म्हणजे कळला नाही. 'संथ आहे' म्हणजे झोप लागली. 'एकदा बघायला हरकत नाही' म्हणजे तिकीट दुसऱ्याने काढलं होतं. 'नाटक जास्त चांगलं होतं' म्हणजे तेव्हा माझे केस काळे होते. 'पार्श्वसंगीत अंगावर येतं' म्हणजे घशात आवंढा आला. आणि 'छायांकन अप्रतिम' म्हणजे डोळे असे भरले होते, की छायांकन सोडून बाकी काहीही सांगायला गेलो तर आवाज फुटेल. आम्हा पुरुषांना सिनेमाची परिभाषा एवढी का लागते, ते तेव्हा कळलं. ती नसती तर सगळं मराठीत सांगावं लागलं असतं.

कोशातला एकच शब्द मला लावता येईना. तो कस्टमवाल्यांचा होता.

कस्टमवाले वादात कमी बोलतात. पण 'व्हेंटिलेटर'चं नाव निघालं की हटकून म्हणतात, "मध्यंतरानंतर ढिला पडतो." राजेश मापुसकरांचा चित्रपट, नोव्हेंबर २०१६ चा, दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. गणपतीच्या तोंडावर घरातला म्हातारा माणूस व्हेंटिलेटरवर आणि सबंध कामेरकर खानदान हॉस्पिटलात गोळा. कुणाला गावाच्या जमिनीची काळजी, कुणाला गणपतीची, आणि मुलाचं बापाशी कधी पटलेलंच नाही. हसवत हसवत कुठे नेतो ते कळत नाही. मी दोनदा वाद घातला होता, की ढिला नाही, उलट उत्तरार्धातच तो घट्ट होतो. कस्टमवाले ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, "नाही. मध्यंतरानंतर ढिला."

मतदान झालं मेच्या शेवटच्या रविवारी. मतदार आठ. 'कोर्ट'ला एक, '९६'ला एक, 'नाळ'ला एक, 'नटसम्राट'ला एक. टाकसाळवाल्यांनी 'फँड्री'ला दिलेलं मत बाद झालं, मिठवाल्यांनी वसंतरावांना दिलेलं मतही बाद झालं. मत न देता सर्वांची मतं मोजायची म्हणून एजी ऑफिसवाले तटस्थ होते. कस्टमवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "मला कुठला लक्षात नाही." आणि वहीत लिहिलं गेलं, विषय पुढील बैठकीत घेण्यात यावा.

उठलो तेव्हा काळोख झाला होता. कस्टमवाले पनवेलला राहतात. मी त्यांना सोडायला जीटीबी नगर स्टेशनपर्यंत गेलो, ते मात्र अजून कोळीवाडाच म्हणतात. वाटेत भज्यांचा वास, रिकाम्या टॅक्सी, एका इमारतीला लावलेली बांबूंची परांची. पुलाच्या पायऱ्यांपाशी मी सहज विचारलं, "अहो, खरंच सांगा, 'व्हेंटिलेटर' मध्यंतरानंतर ढिला पडतो म्हणजे नेमकं काय होतं?"

कस्टमवाले दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी मध्यंतराला उठलो."

मी काही बोललो नाही.

"बाबा त्याच वर्षी श्रावणात गेले. नऊ दिवस मशीनवर होते. आत दोन मिनिटं सोडायचे. आत गेलो की काय बोलावं ते सुचायचं नाही. आयुष्यभर बोललो नव्हतो, तेव्हा कुठून सुचणार? मग बाहेर येऊन आलेल्या पाहुण्यांना चहा पाजायचो. नऊ दिवसांत मी तीनशे चहा पाजले असतील." ते जरासे हसले. "त्या सिनेमात हुबेहूब तेच चाललं होतं. तो मुलगा, ते नातेवाईक, बाहेर ती जत्रा. थिएटर सारखं हसत होतं, मीही हसत होतो. मध्यंतर झालं. लोक वडे आणायला उठले, त्यांच्याबरोबर मीही उठलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला आणि मी दोन चहा म्हटलं. एकटाच गेलो होतो. मग तिथून जो निघालो तो थेट स्टेशन."

वर इंडिकेटरवर पनवेल लागली होती, चार मिनिटं. एक पोरगं पायऱ्यांवरून एक सोडून एक उड्या मारत खाली गेलं. कस्टमवाल्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पुढे काय होतं हो? शेवट कसा आहे?"

मला तो शेवट चांगला आठवत होता. सांगता आला असता. कोण कुणाशी काय बोलतं, कोण काय निर्णय घेतं, सगळं. तोंड उघडलं तेव्हा मात्र आवाज भलतीकडेच निघाला असता, म्हणून मी घसा खाकरला आणि म्हटलं,

"छायांकन चांगलं आहे."

कस्टमवाल्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. गाडी येत होती.

"असं?" ते म्हणाले. "मग एकदा बघायला पाहिजे."